तुम्ही विचारलंत म्हणून: सभामंडप नसलेलं चर्च

दर उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी युरोपला निघतं आणि मग मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं जातं, "काकू, तुम्ही एवढी चर्चं बघितलीत, त्यातलं सगळ्यात भारी कुठलं? आम्हाला एकच जमणार आहे." विचारणाऱ्याला पॅरिसचं नोत्र दाम नाहीतर मिलान ऐकायचं असतं. मी म्हणते, बोव्हे. यावर "हे कुठे आलं?" हे ठरलेलंच.

गंमत अशी की विचारणाऱ्यांतले काही जण तिथे उतरून आलेले असतात. 'पॅरिस' म्हणून जी स्वस्तातली विमानं मिळतात, त्यांतली बरीच बोव्हेच्या विमानतळावर उतरतात. तिथून पॅरिस ऐंशीएक किलोमीटर. उतरायचं, बस पकडायची आणि निघायचं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. दुसऱ्या खेपेला परतीचं विमान रात्रीचं होतं, हातात अख्खी दुपार होती, म्हणून भाच्याने गावात नेलं. मला वाटलं होतं बाजारात फिरवेल.

मी तीसेक वर्षं एका आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढली. त्यामुळे कुठल्याही इमारतीत शिरलं की माझी नजर आधी कॉलमवर जाते, मग नक्षीवर. बोव्हेच्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये शिरून वर बघितलं आणि मान दुखेपर्यंत बघतच राहिले. छत जमिनीपासून 48 मीटरवर. आपल्याकडची पंधरा-सोळा मजली इमारत आतून पोकळ केली तर कसं वाटेल, तसं. पॅरिसच्या नोत्र दामचं छत 33 मीटरवर आहे, शेजारच्या अमियाँचं 42 वर. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींवर छत पेलणाऱ्या शैलीतल्या चर्चमध्ये याहून उंच दगडी छत कुठेही बांधलं गेलं नाही.

आणि मग मागे वळलात की समोर भिंत. चर्च संपलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गाभारा आहे, क्रुसाला असतात तसे दोन्ही बाजूंचे हात आहेत, पण लोकांनी बसायचं तो लांबलचक सभामंडपच नाही. तो बांधलाच गेला नाही.

जुनं चर्च जळाल्यावर 1225 मध्ये हे काम सुरू झालं. 1272 मध्ये गाभारा पुरा झाला आणि बारा वर्षांनी, 1284 मध्ये, छताचा मोठा भाग खाली आला. का आला यावर आजही एकमत नाही. कुणी पायाला दोष देतं, कुणी वाऱ्याला, कुणी खांबांमधल्या अंतराला. पण मुळातली अडचण कुठली, ते सांगता येतं. आपल्या जुन्या दगडी देवळांत बहुतेक ठिकाणी तुळई खांबांवर आडवी ठेवलेली असते, भार सरळ खाली उतरतो, खांब निवांत. कमानीचं तसं नाही. ती रात्रंदिवस बाजूला रेटा देत असते. टोकदार कमानीने तो रेटा कमी होतो, जात नाही. त्यात यांना भिंतीच्या जागी रंगीत काच हवी, म्हणजे रेटा सोसायला भिंतही उरली नाही. मग बाहेरच्या अंगाला उंच दगडी बुरूज उभारून तिथून छताच्या खांद्याला अधांतरी कमानींचे टेकू दिले. बाहेरून पाहिलं तर चर्च कुबड्या घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. पुस्तकात ते फार डौलदार वगैरे म्हटलेलं असतं. मला ते सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे तात्पुरते टेकू, काढायचं विसरल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच आवडतं.

पडलेलं छत त्यांनी पुन्हा चढवलं, तेही त्याच उंचीवर! फक्त गाभाऱ्याच्या सरळ भागात दर दोन खांबांच्या मधे नवा खांब घुसवला, तीन गाळ्यांचे सहा केले. भाच्याला मी ते हाताने दाखवलं. तिथल्या कमानी इतक्या अरुंद आहेत की लोकलमध्ये चौथ्या सीटवर कुणीतरी 'जरा सरका' म्हणून बसावं, तसे ते खांब दाटीवाटीने उभे आहेत. चूक झाली, दुरुस्ती केली आणि दुरुस्ती लपवली नाही. ते खांब बघताना मला प्लास्टरखाली बुजवलेले दुरुस्तीचे कित्येक बीम आठवले.

पुढे इंग्लंडशी लढाया, पैशांची चणचण. 1500 मध्ये बाजूच्या हातांचं काम निघालं. ते झाल्यावर कुणीही शहाणा सभामंडप बांधायला घेईल. यांनी मधोमध मनोरा चढवला, कळसासकट 153 मीटर. 1569 मध्ये तो पुरा झाला. मनोऱ्याखालच्या चार खांबांना पूर्वेकडून गाभाऱ्याचा आधार, उत्तर-दक्षिणेला हातांचा, आणि पश्चिमेला काहीच नाही. खांब तिकडेच कलायला लागले. तपासणीला आलेल्या जाणत्यांनी सांगितलं की पश्चिमेला लवकर आधार बांधा. काम रेंगाळलं. (हे वाक्य मी साइटवर किती वेळा ऐकलंय!) 30 एप्रिल 1573, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. मिरवणूक चर्चमधून बाहेर पडली आणि मनोरा कोसळला. माणसं बाहेर होती म्हणून वाचली. त्यानंतर मनोरा नाही, सभामंडपही नाही.

अशी अर्धी वास्तू मी आधी एकच पाहिली होती, शाळेच्या सहलीत, जुन्या गोव्यात. सेंट ऑगस्टीनचं चर्च. त्याचं छत 1842 मध्ये पडलं, आणि आता जांभ्या दगडाचा 46 मीटरचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. पण ते सोडून दिलेलं चर्च. बोव्हेत आजही प्रार्थना होते, आणि डागडुजी थांबलेली नाही. बाहेरच्या टेकूंना एकमेकांशी बांधणाऱ्या लोखंडी सळ्या 1960 च्या दशकात कुणाला तरी कुरूप वाटल्या म्हणून काढल्या. टेकू वाऱ्यात हलायला लागले. मुकाट्याने पोलादी सळ्या परत बसवल्या. उत्तरेकडच्या हातात तर आतून लाकडाचे आणि लोखंडाचे भलेमोठे धिरे दिलेत. फोटो काढणारे लोक ते चौकटीत येऊ नयेत म्हणून धडपडत होते. मी फोटो काढला तो धिऱ्यांचाच.

बाहेर पश्चिमेकडे या. सभामंडप जिथे व्हायचा होता तिथे एक बुटकं, लहान लहान दगडांचं, साधं चर्च आहे. दहाव्या शतकातलं. नवं बांधताना ते टप्प्याटप्प्याने पाडत यायचं ठरलं होतं. नवं थांबलं, म्हणून जुन्याचे तीन गाळे वाचले. 1940 मध्ये जर्मन बॉम्बफेकीत आजूबाजूचं गाव जळालं, त्यातूनही ही दोन्ही राहिली. भाचा तिथल्या कट्ट्यावर बसून सँडविच खात होता आणि मी मान खाली-वर करत होते: समोर दुमजली घराएवढं जुनं, त्याच्या डोक्यावर सुळक्यासारखं नवं.

पूर्ण झालेलं चर्चच हवं असेल तर अमियाँ बघा, तेही तिथून साठएक किलोमीटरवरच आहे आणि निर्विवाद देखणं आहे. बोव्हेला जायचं तर पॅरिसच्या गार दु नोर स्टेशनवरून गाडी मिळते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. आत 1860 च्या दशकातलं एक अगडबंब घड्याळ आहे, नव्वद हजार सुट्या भागांचं. त्याचा खेळ बघायला तिकीट लागतं. छत बघायला लागत नाही.