शार्लमेनच्या पणजीचं माहेर शोधत आयफेलमध्ये

कोलोनला राहणारी मराठी मंडळी वीकेंडला आयफेलमध्ये जातात ती जंगलं, तळी आणि नुर्बुर्गरिंगचा रेसट्रॅक बघायला. तिथल्याच प्रुम गावी कोणी जात नाही. मी गेलो ते एका बाईसाठी, जिचे आईबाप कोण यावर इतिहासकार अजून भांडतायत.

बाईचं नाव बर्ट्राडा. हिच्या नातीचंही नाव बर्ट्राडाच, ती 'मोठ्या पायाची बर्था' म्हणून प्रसिद्ध, फ्रँकांचा राजा बुटक्या पेपिनची बायको आणि सम्राट शार्लमेनची आई. म्हणजे आपली थोरली बर्ट्राडा शार्लमेनची पणजी झाली. तिच्याबद्दल पक्कं ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे 23 जून 721 ला तिने मुलगा कारिबर्टबरोबर प्रुमला मठ स्थापन केला, एष्टरनाखच्या मठातून साधू आणवले आणि जमिनी दिल्या. नवऱ्याचं नाव नाही, बापाचं नाही. मूळ दानपत्रही आता नाही, त्याची नक्कल मठाच्या 'सोनेरी पुस्तका'त उतरवलेली आहे आणि ते पुस्तक ट्रियरच्या शहर वाचनालयात असतं.

प्रुमला आता ट्रेन जात नाही, गेरोलस्टाईनला उतरून (हो, तेच ते पाण्याच्या बाटलीवरचं गेरोलस्टाईन) बस घ्यायची, आणि वेळापत्रक आधीच बघून ठेवा नाहीतर स्टॉपवर बसून राहाल. गावात शिरल्यावर समोर दोन मनोऱ्यांचं चर्च दिसतं. हे 721 चं नव्हे, बरोबर हजार वर्षांनी म्हणजे 1721 ला बांधायला घेतलेलं. मठाच्या इमारतीत आता हायस्कूल आहे. चर्चच्या आत सम्राट पहिला लोथार पुरलाय, शार्लमेनचा नातू, 855 मध्ये मरायच्या सहा दिवस आधी इथे येऊन साधू झाला, काय टायमिंग! त्याची आत्ताची कबर मात्र 1874 ची, कैसर विल्हेल्मने पैसे दिलेली. शिवाय येशूच्या चपलांचे म्हणून जपलेले अवशेष आहेत, गर्दी तिथेच होती.

आता मुद्द्यावर येतो. बर्ट्राडाचं माहेर शोधायची पद्धत अगदी आपल्या सातबाऱ्यासारखी आहे, कोणत्या गावात कोणाचा किती हिस्सा ते बघायचं आणि मग भाऊबंद कोण ते ठरवायचं. यासाठी मी प्रुमहून रोमर्सहाइमला चालत गेलो. जवळच आहे, शेतं, थोडी घरं, बघायला म्हणाल तर काहीच नाही. पण 762 मध्ये पेपिनने प्रुमला दिलेल्या सनदेत हे गाव येतं, आणि तो स्पष्ट लिहितो की इथला एक हिस्सा मला बाप कार्ल (मार्टेल) कडून आला आणि दुसरा माझ्या बायकोला तिचा बाप कारिबर्टकडून. एकाच गावात नवऱ्याचाही वडिलोपार्जित वाटा आणि बायकोचाही! म्हणजे मागे कुठेतरी एकच मोठी इस्टेट होती आणि ती वाटली गेली.

मग ती कोणाची? इथे प्लेक्ट्रूड येते, पेपिनच्या आजोबांची, म्हणजे दुसऱ्या पेपिनची, थोरली बायको. तिच्या बापाचं नाव हुगोबर्ट, हे 706 च्या, एष्टरनाखचा एक हिस्सा देणाऱ्या दानपत्रात आहे. एष्टरनाखचाच दुसरा हिस्सा त्याआधी ट्रियरच्या इर्मिनाने दिला होता, म्हणून इर्मिना आणि हुगोबर्ट नवराबायको असावेत असा अंदाज. बर्ट्राडाने साधू आणले एष्टरनाखहून, तिच्या जमिनीही याच पट्ट्यात, म्हणून बरेच जण तिला या दोघांची मुलगी आणि प्लेक्ट्रूडची बहीण मानतात. आणि रोमर्सहाइमचा अर्धा वाटा कार्ल मार्टेलकडे कसा गेला? त्याने सावत्र आई प्लेक्ट्रूडकडून उपटला, असं या बाजूचं म्हणणं.

हे मला पटतं कारण भांडण खरंच झालं होतं. 714 मध्ये नवरा मेल्यावर प्लेक्ट्रूडने सवतीच्या या पोराला, कार्ल मार्टेलला, कैदेत टाकलं, तो निसटला, आणि नंतर कोलोनला येऊन तिच्याकडून बापाचा खजिना घेऊन गेला. कोलोनच्या सांक्ट मारिया इम कापिटोल चर्चमध्ये तिची दगडी प्रतिमा आहे, मी कितीदा बघितलीये. हे नातं खरं असेल तर गंमत बघा, जिने कार्ल मार्टेलला कोंडलं तिच्या बहिणीची नात त्याच कार्लच्या घरात सून म्हणून आली. रक्ताचं नातं नाही, इस्टेटीचा गुंता मात्र पक्का.

दुसरा पक्ष तिला राजा तिसऱ्या थेउडेरिकची मुलगी करतो, कारण कारिबर्ट हे नाव मेरोव्हिंजियन, म्हणजे पेपिनच्या आधीच्या घराण्यातल्या राजांमध्येही सापडतं. राजकन्या म्हटलं की वंशावळवाल्यांना गुदगुल्या होतात, शार्लमेनला आईकडून जुन्या राजघराण्याचं रक्त मिळतं ना! पण नुसत्या नावावर नातं जोडायचं तर आपल्याकडे निम्मं गाव शिवाजी महाराजांचं वंशज निघेल. इर्मिनालाही पुढे दंतकथेत राजा डागोबेर्टची मुलगी केलं होतंच, ती तर सरळ बनवाबनवी.

परतताना म्युर्लेनबाखला उतरलो. वर बर्ट्राडाबुर्ग नावाचा किल्ला आहे, दोन गोल बुरुजांमधला दरवाजा एकदम दणदणीत. शार्लमेन इथेच जन्मला अशी इथली आख्यायिका, पण हे बांधकाम तेराव्या शतकातलं, म्हणजे त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी. गावाचं नाव मात्र 721 च्या दानपत्रात आहे, त्यामुळे किल्ल्यापेक्षा खालच्या रस्त्यावर, क्यिल नदीच्या कडेने फिरायला मला जास्त मजा आली. पुढच्या वेळी ट्रियरजवळचं फाल्त्सेल करायचंय, तिथे मठ काढणारी आडेला होती, तिलाही इर्मिनाचीच मुलगी म्हणतात. कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत जागा आहे.