लेकाच्या इसबाची स्टिरॉइडची ट्यूब कमी करताना

ज्यांच्या घरी रात्रभर खाजवणारं लेकरू आहे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि पहिलं हेच सांगते की ट्यूब एकदम बंद करू नका. आमच्या लेकाच्या कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत एवढे चट्टे होते की चादरीला रक्ताचे डाग पडायचे, आणि येणारं जाणारं प्रत्येक जण म्हणायचं, अगं स्टिरॉइड आहे ते, कातडी पातळ होते. खोटं नाहीये ते, पण स्किनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं की आधी पूर्ण शांत करायचं आणि मगच कमी करायचं, कारण लाली अर्धवट असताना थांबलं की परत उसळतं आणि एकूण ट्यूब जास्तच जाते.

मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी क्रीमची रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आपल्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, हे माप कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. अंगाला मोमेटासोन, म्हणजे आमची स्टिरॉइडची ट्यूब, दिवसातून एकदा, त्वचा हाताला मऊ लागेपर्यंत, मग एक दिवसाआड, आणि मग फक्त शनिवार रविवार, नेहमी उठणाऱ्या जागांवरच, तिथे काही दिसत नसलं तरी. स्वच्छ कातडीला औषध लावायला जीव धजत नव्हता, पण खरा फरक त्यानेच पडला. डोळ्यांभोवती स्टिरॉइडऐवजी टॅक्रोलिमस ०.०३ टक्के हे स्टिरॉइड नसलेलं मलम, ते २ वर्षांच्या पुढच्या मुलांना देतात, सुरुवातीला चुरचुरतं, तो रडायचा बिचारा, काही दिवसांनी थांबलं.

बाकी सगळी मेहनत मॉइश्चरायझरची. अंगभर इसब असलं तर आठवड्याला २५० ग्रॅमसुद्धा लागतं, त्यामुळे छोट्या बाटल्या सोडून मोठा डबाच आणायचा, बिनवासाचा. कोमट पाण्याने पटकन अंघोळ, डाळीचं पीठ उटणं बंद, टॉवेलने टिपून ओलसर अंगावरच चोपडायचं. हे सासूबाईंनी अंगावर घेतलं, मी ऑफिसला निघाले की दुपारचा हात त्यांचाच, त्यांच्याशिवाय जमलंच नसतं.

आणि मेडिकलमधून गजकर्णाची म्हणून मिळणारी मिक्स ट्यूब मुलांना कृपया लावू नका, त्यात बऱ्याचदा क्लोबेटासोल असतं, सगळ्यात स्ट्रॉंग स्टिरॉइडांपैकी एक. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत, तरी सर्रास मिळतात, याचा फार राग येतो मला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने परत उठलं आणि रोजचं लावणं सुरू करावं लागलं, मी रडकुंडीला आले होते, डॉक्टर म्हणाले असं होणारच, पुन्हा तशाच पायऱ्या उतरायच्या. उतरलो. आता शनिवार रविवार तेवढं गुडघ्यामागे लावतो. पिवळी खपली, पू किंवा ताप दिसला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.