‘डीबी’ नावाची हाक

शनिवारची रात्र, दीड वाजता

गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या देवघेवीच्या नोंदींसाठी आम्ही चौघे मिळून जे अ‍ॅप्लिकेशन उभे करीत आहोत, त्याचा बॅकएंड, म्हणजे पडद्यामागे नोंदी सांभाळणारा भाग, आज अखेर माझ्या लॅपटॉपवर चालू झाला. कोड उतरवून घेणे आणि ‘.एन्व्ह’ या सेटिंगच्या नमुना फाइलची प्रत काढून तीत पासवर्ड भरणे ही कामे दहा मिनिटांत आटोपली.

पुढचे दोन तास मात्र एकाच ओळीपाशी गेले. जँगो (ज्यावर आमचा बॅकएंड लिहिला आहे ती चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असे दोन कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याच्या एकमेकांपासून वेगळ्या बंदिस्त जागा, त्या एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोजने सुरू केले होते, दोन्ही चालू दिसत होते आणि तरीही १२७.०.०.१ च्या, म्हणजे ‘लोकलहोस्ट’ या स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्याच्या, ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) जोडणी नाकारल्याचा संदेश जँगोकडून येत होता. टर्मिनलवरून त्याच पोर्टवर डेटाबेस व्यवस्थित उघडत असल्यामुळे मी पासवर्डच पुन्हा पुन्हा तपासत बसलो. वास्तविक जोडणीच नाकारली जाते तेव्हा गोष्ट पासवर्डापर्यंत पोहोचलेलीच नसते.

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे माझा लॅपटॉप नव्हे, तर तो कंटेनर स्वतः. चाळीत आपल्याच खोलीत बसून ‘घरात कोण आहे?’ असे विचारले, तर शेजारच्या खोलीतून उत्तर कसे येणार? शेजाऱ्याला नावाने हाक मारावी लागते आणि कंपोज फाइलमध्ये सेवेला दिलेले नाव, आमच्याकडे ‘डीबी’, हेच ते नाव. होस्टच्या, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्याच्या, जागी ते घातले आणि जोडणी झाली.

मग खात्रीसाठी व्हॉल्यूम, म्हणजे डेटाबेसचा साठा, पुसून सारे नव्याने चालवले, तर जँगो पुन्हा कोसळला. कंपोज फाइलमध्ये ‘डिपेंड्स ऑन’ (आधी कोण सुरू व्हावे हे सांगणारी ओळ) एवढेच लिहिले, तर कंपोज डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट पाहते, डेटाबेस तयार होण्याची नाही. डेटाबेस तयार आहे का हे विचारणाऱ्या ‘पीजी इजरेडी’ची तपासणी जोडून तोही प्रश्न सुटला.

मायग्रेशन होऊन, म्हणजे डेटाबेसमध्ये तक्ते तयार होऊन, पहिली नोंद केली तेव्हा घड्याळात १२:२० झाले होते, म्हणजे रविवार लागला होता, पण पुस्तक दिल्याची तारीख शनिवारची उमटली. आमच्या कोडने तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवरून काढली होती, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सेटिंगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ ही भारतीय वेळ होतीच, पण जँगोचे ‘नाऊ’ यूटीसीचीच वेळ देते. त्याऐवजी स्थानिक तारीख देणारे ‘लोकलडेट’ वापरताच तारीख बरोबर आली. विलंबशुल्काची आकारणी मध्यरात्रीनंतर चालणार असल्यामुळे ही चूक राहिली असती, तर प्रत्येक थकलेल्या पुस्तकामागे एक दिवस कमी मोजला गेला असता. ती आजच सापडली याचे मला फार समाधान वाटते.

सकाळी आमच्यातील सर्वांत नवी मुलगी डोंबिवलीहून येऊन तिच्या लॅपटॉपवर हेच सारे मांडणार आहे. तिच्यासाठी नमुना फाइलमध्ये होस्टच्या ओळीवर ‘येथे लोकलहोस्ट लिहू नये’ अशी टीप कारणासह लिहून ठेवली आहे.