उत्पन्नाचा दाखला

आज दुपारी केपे तालुक्यातील माझी एक विद्यार्थिनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला उत्पन्नाचा दाखला घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, शिष्यवृत्ती जमा झाली की शुल्क भरते, तोवर माझा परीक्षेचा अर्ज अडवू नका." मामलेदार कार्यालयातून तो कागद मिळवण्यासाठी तिच्या वडिलांनी रोजंदारीचे दोन दिवस बुडवले होते.

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची वाट त्यामुळे मोकळी झाली. पण ही रक्कम बहुधा शुल्काची मुदत उलटून गेल्यावर हाती येते, आणि मधले महिने कसे काढायचे हे त्या घरानेच पाहायचे असते. अर्ज मंजूर असूनही पैसे का आले नाहीत, हे शोधण्यासाठी आम्ही दोघे तासभर संगणकासमोर बसलो, तेव्हा थेट लाभ हस्तांतरणासाठी तिचा आधार क्रमांक शाळेत असताना काढलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याशी जोडलेला असल्याचे आढळले. मुलीची यात काय चूक? हे तिला आधी कोणीच समजावून सांगितले नव्हते, आणि त्या 'कोणीच'मध्ये मीही येतो, याचे मला मनापासून वाईट वाटले.

शेवटची बस चुकू नये म्हणून ती घाईने निघाली. परीक्षेचे शुल्क आम्ही चार शिक्षकांनी आजच भरले असून उद्या सकाळी मी तिच्यासोबत बँकेत जाणार आहे.