डावाला आधी हळद

शनिवार, रात्री

डाव मोडला. मानेत, कटकन. तीन रविवार घातले होते त्यात.

भाचीचं लग्न वैशाखात आहे. बहिणीचा इचलकरंजीहून फोन आला होता, "दादा, रुखवतात सगळ्यांचं तेच तेच असतंय. तू लाकडाचा संच करून दे. डाव, पळी, उलथनं, रवी. नक्षीदार कर, उठून दिसलं पाहिजे." मी लगेच हो म्हणालो. 35 वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न करण्यात गेली, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने. पंपाची बॉडी, पुली, इंजिनाचं हेड. ज्यानं सागवानात इंजिनाचं हेड काढलं त्याला डाव कसला अवघड, असा माज होता.

मानेभोवती कोयऱ्यांची पट्टी कोरली. हौस भागली नाही म्हणून खोलग्याच्या आत एक वेल काढली. आज संध्याकाळी आईच्या हातात दिला. तिनं पिठलं हाटलं, डाव उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "दिसायला झ्याक हाय. पर धुवायचं कुणी रं?" वेलीच्या खाचाखाचांत बेसन वाळून बसलं होतं. ती चष्मा लावून सुईनं ते कोरत बसली. मला लाज वाटली. उरलेलं पिठलं झाडायला मी डाव कढईच्या काठावर आपटला आणि कोयऱ्यांच्या पट्टीवरच दोन तुकडे.

आई हसली नाही. त्यानं जास्त लागलं.

रविवार

सकाळी चहा घेऊन तुकडे उन्हात धरून बघितले. मोड बरोबर कोयरीच्या सगळ्यात खोल खाचेवर. लाकडाच्या रेषा दांड्यातून खाली येतात, त्या मी मानेत आडव्या तोडल्या होत्या. शिवाय डाव सरळ फळीतून कापलेला. मान वळते तिथं रेषा वळत नाहीत, अर्ध्यात संपतात. म्हणजे मान आधीच कमजोर, त्यात मी सगळीकडून खाचा घातल्या.

पण खरी चपराक वेगळीच. पॅटर्नमध्ये पहिली गोष्ट शिकवतात ती ड्राफ्टची. बाजू अगदी उभी ठेवायची नाही, किंचित तिरकी ठेवायची, म्हणजे वाळूत दाबलेला पॅटर्न वर उचलताना वाळूचा साचा ढासळत नाही. आतले कोपरे मेणानं किंवा चामड्याच्या पट्टीनं गोल करायचे. कुठं उलटी खाच राहिली की वाळू तिथं अडकते आणि मोल्डर सगळ्यांसमोर ओरडतो, "मिस्त्री, माल निघंना!" जिथं वाळू अडकते तिथं पिठलं अडकणारच. पोटासाठी इतकी वर्षं हेच केलं आणि घरच्या डावाला ते सुचलं नाही.

दुपारी परसातल्या शेडमधून फणसाची वाकडी फांदी काढली. आजऱ्याकडच्या पाहुण्यांच्या बांधावरची, गेल्या पावसात मोडलेली. आणली तेव्हाच मधोमध चिरून गाभ्याचा मऊ भाग काढून टाकला होता आणि दोन्ही टोकांना मेण फासलं होतं. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. आकसतं ते आडवं, आणि त्यातही वर्तुळांच्या दिशेनं जवळपास दुप्पट. म्हणून अख्खा ओंडका ठेवला की गाभ्याकडून बाहेर फाटत जातो. टोकं तर नळीच्या तोंडासारखी, पाणी तिथूनच आधी पळतं. बिडाचं बरं असतं, ते सगळीकडून सारखं आकसतं, शंभरात एक भाग. आमची पट्टीच तशी यायची, मीटरला 10 मिलिमीटर लांब. ती पट्टी अजून माझ्या खोक्यात आहे. परवा नातवानं तिच्यानं वहीत समास आखला आणि सगळं चुकलं म्हणून माझ्याशी भांडला.

तर ही फांदी. वाकण जिथं आहे तिथंच मान काढायची, म्हणजे रेषा दांड्यातून मानेत आणि मानेतून खोलग्यात न तुटता उतरतात. वाकसानं बाहेरचा आकार काढला, खोलगा गोल पटाशीनं. मग कानस. शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडलं. पॉलिश पेपरपेक्षा काच गुळगुळीत काम करते, फक्त बोटं सांभाळायची. (सांभाळली नाहीत. अंगठ्याला पट्टी आहे.) मग ओल्या फडक्यानं पुसून वाळवलं, लाकडाचे बारीक तंतू उभे राहिले ते 220 नंबरनं काढले, पुन्हा ओलं, पुन्हा पेपर. हे आत्ताच केलं नाही तर पहिल्याच आमटीत डाव खरखरीत होतो.

नक्षी? भांड्याच्या काठाच्या वर. दांड्याच्या शेंड्याला एकच कोयरी, ती वळून आत आलेली, म्हणजे डाव भांड्यात घसरून पडत नाही, काठाला अडकून राहतो. बाकी दांड्याला आठ पैलू. खाली सगळं कोरं. पण फणसाचा पिवळा आणि बाहेरच्या बाजूचा फिकट, अशी दोन रंगांची लाट खोलग्यात आपोआप आली. मी कितीही कोरलं असतं तरी ती आली नसती.

मंगळवार

बहिणीला फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान आहे, पण साधा वाटतोय." मागोमाग, "रंग देता येईल का? लाखेचा, लाल-हिरवा?" लाख शंभर अंशांच्या खूप आधी मऊ पडते. भातुकलीला शोभते, उकळत्या आमटीत नाही. हे सगळं लिहिलं आणि खोडलं. नुसतं "बघतो" लिहिलं.

तेल लावलं. जवसाचं, घाण्यावरून आणलेलं. दुकानातलं बेल तेलही जवसाचंच आणि लवकर वाळतं, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची औषधं घालतात, जेवणाच्या वस्तूला नको. शेंगतेल तर वाळतच नाही, महिन्याभरात खवट वास मारतं. जवसाचं तेल हवेनं हळूहळू घट्ट होतं, त्याला आठ-दहा दिवस तरी द्यायचे. तेलाचं फडकं मात्र दोरीवर पसरून टाकलं. ते बोळा करून कोपऱ्यात फेकलं तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं, हे बायकोला तीनदा सांगितलं. तिनं तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "दोरीवर माझ्या साड्या हायत."

गुरुवार

डाव माडीवर खुंटीला टांगला होता. सकाळी नाही. खाली आलो तर आई आमटी ढवळत होती, त्याच डावानं. "अगं, दोनच दिवस झाले, तेल वाळलं नाही अजून. रुखवताचा आहे तो."

तिनं डाव वर काढला, निथळू दिला, नळाखाली धरला. एका पाण्यात स्वच्छ. मग उजेडात धरून बघितला. पिवळा फणस होताच, त्याच्यावर आता हळदीची आणखी एक छटा चढलेली.

"ह्याला नवरीच्या आधी हळद लागली बघ," आई म्हणाली आणि परत आमटीत घातला.

म्हणजे रुखवताला दुसरा करायचा. आजऱ्याला फोन केला, वाकडी फांदी आहे का म्हणून.