३९.४ आणि ३९.१०

जुलैचा शेवटचा आठवडा, कोल्हापुरात पावसाची उघडीप नाही. सकाळच्या पाळीत आमच्या बातम्यांच्या पोर्टलवर सगळ्यात वर मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी होती, मोठ्या फोटोसकट. आत्ता कोण काय वाचतंय ते दाखवणाऱ्या ॲनालिटिक्सच्या रिअलटाइममध्ये मात्र पहिला क्रमांक पाच ओळींच्या बातमीचा: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोराटोरांनाही पाठ असतं. वाचकाला हवा असतो आजचा आकडा, आणि तो किती वाजताचा.

आठ वाजता मथळ्यात आम्ही ‘३९.४’ दिलं, अकराला ‘३९.१०’. म्हणजे ३९ फूट ४ इंच आणि ३९ फूट १० इंच. पाणी सहा इंच चढलं होतं. लोकांनी टिंब दशांशाचं धरलं आणि ‘पाणी उतरलं’ म्हणून लिंक पुढे ढकलली. नदीकाठच्या चिखलीहून फोन आला, “उतरतंय न्हवं? मग जनावरं हलवायची थांबवू का?” नका थांबू, आत्ताच काढा, असं सांगितलं आणि आधी मथळा बदलला: ‘३९ फूट १० इंच, सकाळी ११ वाजता, पाणी वाढतंय’.

तेवढ्यानं भागत नाही. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत दिसणारा मथळा पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि फॉरवर्डबरोबर तसाच फिरतो. साइटवर दुरुस्ती केली तरी ग्रुपमध्ये जुनंच दिसत राहतं. म्हणून नवी लिंक काढून, ‘दुरुस्ती’ हा शब्द सुरुवातीला घालून, प्रत्येक ग्रुपवर वेगळी टाकावी लागली. फोटोवर आकडा छापणं त्या दिवसापासून बंद. तो फोटो पुढच्या पावसाळ्यातही ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो.

पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादीही तशीच. प्रशासनाच्या पत्रकात ती नदीवार, एकाच परिच्छेदात येते: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. वाचक नदी शोधत नाही, स्वतःचं गाव आणि रस्ता शोधतो. दुपारी आम्ही तालुकावार मांडणी केली आणि प्रत्येक बंधाऱ्यापुढे बंद रस्ता व पर्यायी मार्ग लिहिला. त्या पानावर वाचक थांबायला लागले.

राधानगरी धरणाचं वेगळं. सात स्वयंचलित दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. ते आपोआप उघडतात तसे मिटतातही, त्यामुळे नुसतं ‘दरवाजा उघडला’ लवकर शिळं होतं. दरवाज्याचा क्रमांक, वेळ, एकूण विसर्ग, आणि मिटल्यावर त्याच लिंकवर तसं लिहिणं, एवढं तरी हवंच.

रात्री दहाला ४१ फूट २ इंच. ही ओळ दोघांनी वाचून मगच सोडली.