स्किंट म्हणजे सोललेला

सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून अण्णांचा फोन येतो. लेथ बंद असतात, त्यामुळं निवांत बोलणं होतं. 2022 च्या थंडीत त्यांनी विचारलं, "तिकडं बी कडकी हाय म्हणं?"

म्हटलं, हाय की. इथं लीड्समध्ये कडक्या माणसाला 'स्किंट' म्हणतात. 'स्किन्ड'चंच ते बोलीतलं रूप, कातडी काढलेला.

"म्हंजे सोललेला," अण्णा म्हणाले. "बराबर हाय."

त्या ऑक्टोबरात ब्रिटनची महागाई 11.1 टक्क्यांवर गेली होती, 41 वर्षांतली सगळ्यात जास्त. युक्रेनच्या युद्धानं गॅस भडकलेला. 'हीट ऑर ईट' हे शब्द तेव्हा रोज कानावर पडायचे: घर गरम ठेवायचं की जेवायचं? आणि 'वॉर्म बँक' म्हणजे लायब्ररी, चर्च, अशी फुकट ऊब मिळणारी जागा. आमच्या शेजारच्या आजी दुपारी लायब्ररीत जायच्या. मांडीवर पुस्तक असायचं, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं हातमोजे निघायचे नाहीत. मग बोटं चोळायची आणि पहिलं पान उलटायचं. मला ते बघवायचं नाही.

'यलो स्टिकर' मी सुपरमार्केटात शिकलो. संध्याकाळी कामगार मशीन घेऊन येतो आणि उरलेल्या पावांवर उतरलेल्या किमतीचं पिवळं लेबल लावतो. लोक दोन पावलं मागं थांबतात. कुणी ढकलत नाही, कुणी बोलतही नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात दिवे लागल्यावर मावशी "घ्या, सगळा वाटा दहाला" म्हणून हाळी देतात, ती हीच वेळ.

पेपरांतले शब्द मात्र मला पटत नाहीत. 2008 साली ऑक्सफर्डनं 'क्रेडिट क्रंच' हा ब्रिटनचा वर्षाचा शब्द ठरवला, 2022 ला कॉलिन्सनं 'पर्माक्रायसिस', म्हणजे न संपणारं संकट. क्रेडिट क्रंचमध्ये कर्ज देताना हात आखडला तो बँकांनी, पण त्या शब्दात बँक कुठंच दिसत नाही. पाऊस पडावा तसं काहीतरी आपोआप झालं, असं वाटतं. त्यापेक्षा 'श्रिंकफ्लेशन' बरा. किंमत तीच आणि पुडा लहान, हे तरी तो सरळ सांगतो.

इथं यॉर्कशायरात पैशाला 'ब्रास'ही म्हणतात. अण्णांना आधी वाळूचा ब्रास आठवला, 100 घनफुटांचा, आणि मग भट्टीतलं पितळ. 'सब' मात्र सांगावाच लागला नाही. कामावरचा एकजण साहेबाला म्हणाला, "सब मिळेल का?" पगाराआधी थोडे पैसे, म्हणजे आपली उचल. अण्णा जरा गप्प झाले. त्यांच्या वर्कशॉपमधल्या दोन पोरांनी त्या साली दिवाळीआधीच उचल घेतली होती.

'हातउसने' मात्र मला इथं कुणाला नीट सांगता आलं नाही. व्याज नाही, कागद नाही, तारीख नाही. "मग परत कधी द्यायचे?" असं एकानं विचारलं. "आल्यावर," म्हटलं. त्याला ते कळेना.

2009 ला ऑर्डरी आटल्या होत्या, तेव्हा शेजारच्या शॉपवाल्या काकांनी त्यांना लागलेली भिशी तशीच आणून अण्णांच्या हातात ठेवली होती. माझी कॉलेजची फी त्यातून गेली. काकांनी पैसे मोजून दिले नव्हते, आणि दोन वर्षांनी अण्णांनी परत केले तेव्हा मोजून घेतलेही नाहीत.